चाकूवरचा निळा डाग

अण्णा, तुमचा घडीचा चाकू अजून माझ्याकडे आहे. इंद्रलोक वसाहतीतल्या या घरात ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये असतो, खोबरेल तेल लावून जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. आज ऑफिसातून आल्यावर लोणच्याची लिंबं चिरायला तो घेतला आणि तिसऱ्याच लिंबाला साल नुसती दबायला लागली. तुमची नात म्हणाली, "आई, किती छळतेस त्याला? माझा घे ना." तिने स्टेनलेसचा एक मागवलाय. महिनाभर त्याने खोकी फाडतेय, फळं कापतेय, धुऊन तसाच ओला टाकतेय. गंज नाही, डाग नाही, धारही बरीचशी तशीच. उरलेली लिंबं मी त्याने चिरली आणि मग नुसती बसून राहिले. दमले होते, पण तेवढंच कारण नव्हतं.

आपल्या गोडदेवच्या जुन्या खोलीत तुम्ही तो केलात तेव्हा मी आठवीत होते. कारखान्याच्या टूलरूममधली झिजलेली कानस मागून आणली होतीत. लोखंड घासणारं पोलाद, म्हणजे कडक असणारच. तिला पात्याचा आकार दिलात, लाल करून तेलात बुडवलंत. आता ते काचेसारखं आहे, पडलं तर तुटेल, म्हणून जरासं मऊ करायला गॅसवर धरलंय. आई ओरडतेय, "चहाचं आधण उतरवून लोखंड शिजवताय?" तुम्ही मला जवळ बोलावून दाखवताय. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर आधी गव्हाच्या काडीचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. "पिवळ्यावर थांबायचं. निळं झालं की धार टिकत नाही. मग तो चाकू नाही, चमचा." आणि चर्र करून पाण्यात. मोडक्या खुर्चीच्या हाताची मूठ केलीत, पातं तिच्यात मिटायचं, आणि तो कायम तुमच्या शर्टाच्या खिशात. कैरीने काळा पडायचा, खाडीच्या हवेत तांबूस व्हायचा, पण दगडावर महिन्यातून एकदाच घ्यावा लागायचा. रविवारी शेजारच्या मावशी विळी घेऊन यायच्या. "भाऊ, आमच्या ह्यांच्या जिभेला आहे ना, तेवढी धार लावा." तुम्ही हसत दगड काढायचात.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी कॉलेज संपवून स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात ऑर्डरी लिहून घ्यायचे. तिथे दिवसभर ताटं नि टोप पॉलिशच्या चाकावर आरशासारखे होत. मला वाटलं, तुमचा काळा चाकू असाच चकचकीत करून द्यावा, तीच भेट. पॉलिशवाला म्हणाला, "दीदी, शीशा बना दूँगा." ताट दाबतात तसं त्याने पातं चाकावर दाबलं. टोकापासून अर्ध्यापर्यंत निळा पट्टा उमटला. तो थांबला. "थोडा नीला हो गया. एक हाथ और मारूँ? निकल जाएगा." मी म्हटलं, "निकाल दो." निघाला. निरोपाच्या कार्यक्रमात तुम्ही तो सगळ्यांना दाखवत फिरलात.

नंतर दगड आठवड्याने निघू लागला, मग दिवसाआड, मग रोज सकाळी. आई म्हणायची, "आता एवढंच काम राहिलंय का तुम्हाला?" एका दुपारी मी स्वयंपाकघरात आले तर तुम्ही पात्याच्या कडेवर कानस फिरवत होतात. कडक पोलादावर कानस घसरते, मऊ असेल तर चावते, हे तुम्हीच शिकवलेलं. ती चावल्याचा कोरडा आवाज मी ऐकला. तुम्ही पात्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "चहा टाकतेस?" मी टाकला. आणि पुढच्याच रविवारी, मावशी दारात विळी घेऊन उभ्या असताना तुम्ही म्हणालात, "आता दुसरीकडे द्या, वहिनी. हात गेला माझा." त्यांनी विळी पिशवीत घातली. मी तिथेच कपड्यांच्या घड्या करत होते. नंतर कुणीच आलं नाही.

तुम्ही मला सांभाळून घेतलंत, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते माझ्या सोयीचं आहे. कदाचित तुम्हाला खरंच वाटलं असेल की त्या दिवशी गॅसवर तुमचंच चुकलं, वरचं कडक पोलाद झिजून आतलं मऊ उघडं पडलं, आणि तेच घेऊन तुम्ही गेलात. माझ्या एका वाक्याने ते थांबलं असतं. त्यानंतर चार वर्षं आपण एकाच घरात होतो.

लेकीला मी सांगते, चाकू पॉलिशवाल्याने घालवला. त्याने तर मला विचारलं होतं. तो रंग मी ओळखला होता, अण्णा. पुसायला सांगितला तो तुम्हाला दिसू नये म्हणून.

हा कागद मी चाकूच्याच फडक्यात गुंडाळून ठेवतेय. तेलाने दोन दिवसांत अक्षरं पसरतील, हे मला ठाऊक आहे.