काजळीला नवा रंग पटत नाही

पोलादपूर, गुरुवार

तीर्थस्वरूप सुनीलदाजींस मालोजीचा नमस्कार. तो पायांपर्यंत पोचला असे समजावे. तुमचा गुडघा कसा आहे? गोदूताईने दाढ काढली की अजून डॉक्टरशीच वाद चालू आहे? भोरला थंडी पडली असेल. इकडे सगळे बरे आहेत, काजळी म्हैस सोडून. (हे फोनवर सांगता आले असते. पण तुमचा फोन ताईच्या हातात असतो आणि स्पीकरवर असतो. हा मजकूर ताईसाठी नाही.)

महाडच्या कारखान्यात क्रेनचे गर्डर रंगवायचे खाते माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अठरा वर्षे आम्ही थिनरचा रंग मारला. त्याची वाफ डोळ्यांत जायची, घशात जायची, डब्यातल्या भाकरीतही जायची. दोन महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकाने कळवले की हवा बिघडवणारा रंग यापुढे चालणार नाही. मग पुण्याहून अंकिता मॅडम पाण्यात कालवलेला रंग घेऊन आल्या. त्याला वास जवळजवळ नाही. आमच्या सोमाने (वय छप्पन्न, स्प्रे गन हातात धरूनच जन्मला असावा) ड्रमात नाक घालून विचारले, "मॅडम, ह्यो रंग हाय का ताक?" मॅडम म्हणाल्या, "वाळल्यावर खरवडून बघा, काका." सोमाने तीन दिवस खरवडले. रंग निघाला नाही. चौथ्या दिवशी त्याचा जुना खोकला थांबला, तेव्हा तो घाबरून दवाखान्यात गेला.

माझी डोकेदुखीही गेली. रंग उत्तम आहे असे मी सहीनिशी लिहून दिले. आजही तेच म्हणतो. कंपनीने जुने गणवेश जमा करून घेतले आणि नवे दिले. आमच्या मंडळींनी, म्हणजे अनुपमाने, त्या आनंदात घरातले सगळे कपडे, अंथरुणे, पांघरुणे आणि शेवटी मला घासून धुतले. त्या संध्याकाळी मी बादली घेऊन काजळीखाली बसलो आणि तिने लाथ मारली.

दाजी, काजळी सात वर्षे माझ्याच हातची आहे. दुसऱ्या कोणाला ती सडाला हात लावू देत नाही. शिफ्ट सुटली की मी थेट गोठ्यात जायचो, आणि सकाळी कालचाच शर्ट अंगात असायचा. म्हणजे तिच्या लेखी मालोजी हा माणूस नव्हे, थिनर होता. आता तिच्याखाली कोणी तरी परका, साबणाचा वास येणारा गृहस्थ बसतो. ती मान वळवून बघते, हुंगते आणि पान्हा चोरते. रेडकू सोडून पाहिले, पेंड ठेवून पाहिली. आई म्हणाली, "तुला मीच नाय वळखलं, तर म्हशीचं काय घेऊन बसलास!" बाबांनी एवढेच सांगितले, "दूध नाय तर म्हस कशाला? रव्वारी व्यापारी येतोय." बाबांचा शब्द घरात शेवटचा असतो, हे तुम्ही लग्नाच्या बोलणीत अनुभवले आहेच.

मला काजळी विकायची नाही. मी घरी आलो की वळून बघणारी त्या घरात ती एकटीच होती.

म्हणून उपाय केले. कॉलरला रॉकेल लावले, ती शिंकली. कारखान्यात डबाभर जुना थिनर मागितला. शेवटचा ड्रम सील करून गेला होता आणि फाटकावर माझ्याच सहीची सूचना लागली होती की थिनर आत-बाहेर नेणाऱ्यावर कारवाई होईल. मग अनुपमाची नेलपॉलिश आठवली. वास बराचसा तसाच. मी दहाही बोटांना दोन-दोन हात दिले (पहिला हात नीट वाळू दिला, ही धंद्याची सवय) आणि बसलो. काजळीने हुंगले. विचार केला. अर्धा लिटर दिले. मला रडू आले.

त्या आनंदात दुसऱ्या दिवशी तसाच कामावर गेलो. नेमके त्या दिवशी गिऱ्हाइकाचे चार तपासनीस आले होते. मी गर्डरवर बोट ठेवून रंगाची जाडी समजावत होतो आणि चारही साहेब बोटाकडे बघत होते. अंकिता मॅडमनी हळूच विचारले, "मालोजीराव, हे काय?" मी म्हणालो, "लाल छटेचा नमुना. आधी अंगावर तपासतो." एका साहेबाने ते लिहून घेतले. आता अहवालात शेरा आला आहे की ही पद्धत स्तुत्य असून सर्व रंगाऱ्यांना लागू करावी. सोमा माझ्याशी बोलत नाही. नेलपॉलिशही संपली आहे, आणि अनुपमाने नवी आणायला साफ नकार दिला आहे.

असो. ताईला नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
मालोजी

ता. क. तुमच्या गॅरेजात ट्रकना अजून जुनाच रंग मारतात. तुमच्या अंगातला, आठवडाभर वापरलेला एक शर्ट पिशवीत घट्ट बांधून हे पत्र आणणाऱ्या साहिल टेम्पोवाल्याकडे द्यावा. तो शनिवारी घाट उतरतो. ताईला दिसू देऊ नका. ती धुऊन पाठवेल.

ता. क. दुसरे. जुना रंग वापरणारी ओळखीची गॅरेजे कोणती, असे अंकिता मॅडमनी विचारले. मी पहिले नाव तुमचे दिले. त्या सोमवारी तुमच्याकडे येतील. रंग खरोखर चांगला आहे, दाजी. नाही म्हणू नका. त्यामुळे शर्ट एक नको, सात-आठ पाठवा. काजळी अजून दहा वर्षे तरी दूध देईल.