यंत्राला दिसणारे हात

३ नोव्हेंबर १९९३, धुळे
पोचले एकदाची. सूतगिरणीच्या आवारात खोली मिळाली, तीही खिडकीची. नाताळात रोझीला इथेच घेऊन येईन. पोर सहा वर्षांची झाली, आजीपाशी किती दिवस ठेवायची? बसस्टँडवर एकाने विचारलं, आफ्रिकेहून कधी आलात? म्हटलं, चारशे वर्षं झाली. आम्ही कर्नाटकात हल्याळकडचे सिद्दी, पण एवढं कोण समजावत बसणार.

५ नोव्हेंबर
काम हुबळीला करायचे तेच. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तंतूची लांबी सांगायची. फरक इतकाच की इथे समोर कॅमेरा, संगणक आणि माझं बघून शिकणारा एक लोखंडी हात. इंजिनियर चौधरीसाहेब म्हणाले, बाकी बायकांचे हात पांढऱ्या रुईवर यंत्राला धूसर दिसतात, तुमचे मात्र स्वच्छ. जन्मात पहिल्यांदा माझा रंग कामी आला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२० नोव्हेंबर
लोखंडी हात आता थेट माझ्यासारखी रुई ओढतो. आज मी ओढायला गेले तर जमेना. बोटं हलतात, पण ओढायचं कसं हे त्यांना ठाऊकच नाही. शेजारच्या शेवंताबाईने हात धरून पाहिला. "माय, तुना हात थंडा शे," म्हणाली आणि तेल चोळून दिलं.

८ डिसेंबर
वाटलं, काम गेलं म्हणजे खोलीही गेली. चौधरीसाहेब म्हणाले, दुसरं काही करून दाखवा, खोली राहील. भाकरी थापून दाखवली. मग गाठ मारणं, सुईत दोरा ओवणं, निऱ्या घालणं. एकदा दाखवलं की गेलं. आता भाकरी शेवंताबाई देते, निऱ्याही तीच घालून देते. मला राग यायला हवा होता. आला नाही.

२६ डिसेंबर
रोझी आली. तिच्या कुरळ्या केसांच्या वेण्या फक्त मलाच घालता यायच्या. त्या मागच्या आठवड्यात दाखवून झाल्या. पोर येणार आणि खोली नाही, असं कसं चाललं असतं?

२९ डिसेंबर
रोझीला यंत्रापुढे बसवलं. लोखंडी हाताने नऊ वेण्या घातल्या. डोळे मिटूनच ती म्हणाली, आई, आज तुझा हात किती गरम आहे. मी दारात उभी होते.
काही वाटलं नाही.

३ जानेवारी
आता दोनच गोष्टी उरल्या. लिहिणं, आणि रोझीला थोपटणं. उद्या त्यातलं एक द्यायचं —

४ जानेवारी
लिहिणं देते. थोपटणं नाही देणार. ते माझं.
कॅमेरा सुरू आहे. रोझीला ताप, म्हणून मांडीवरच घेऊन बसलेय. डाव्या हाताने थोपटतेय, त्यामुळे अक्षर हलतंय — चौधरीसाहेब आत्ताच म्हणाले, वा, आज दोन्ही हात स्वच्छ दिस