दोनदा लाल आलेला नमुना

ताई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज लॅबमध्ये तुमची फार आठवण आली. बाळंतपणाच्या विभागातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केलाय. गरोदरपणात जिचा बीपी चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, अशा प्रत्येक बाईच्या रक्तात सूज दाखवणारे घटक किती आहेत ते मी मोजते, आणि आजार किती वाढलाय त्याच्याशी ते ताडून पाहतात. जिची तब्येत जास्त बिघडलेली, तिचा सीआरपी, म्हणजे त्यातलाच एक घटक, बरेचदा चढलेला निघतो. आज एका तरुण डॉक्टरनं विचारलं, नुसत्या या आकड्यावरून कोण धोक्यात आहे ते सांगता येईल का? मी म्हटलं, दाढ सुजली तरी हा आकडा चढतो, बाकीचं सगळं शेजारी ठेवून बघा. बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे माझं बोलणं नव्हे, तुमचं.

तेव्हा मी याच लॅबमध्ये तुमच्या हाताखाली नवीन होते. कराडकडून येऊन उलव्यात तिघींबरोबर भाड्यानं राहत होते आणि मशीन आपल्याला छान चालवता येतं याचा मला गर्व होता. त्या दुपारी तुम्ही डबा खायला गेला होतात. वरच्या वॉर्डातून एका आठव्या महिन्यातल्या बाईचं रक्त आलं. तिचा नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा. पोटात वरच्या बाजूला दुखतंय म्हणून तिनं दोन दिवस घरीच अॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी नळी मशीनमध्ये फिरवली तर एरवी पिवळसर दिसणारं वरचं पाणी लाल. रक्त काढताना सुई नीट लागली नाही की पेशी फुटून असं होतं, हे मला पाठ होतं. 'नमुना खराब, पुन्हा पाठवा' असं लिहून मी मोकळी झाले. अर्ध्या तासानं दुसरी नळी आली, तीही लाल. मी फोनवर सिस्टरना चढ्या आवाजात सुनावलं. त्या म्हणाल्या, या वेळी मी नाही, दुसरीनं काढलंय. तरी मी पुन्हा तेच लिहायला पेन उचललं. प्लेटलेट मोजायला आलेली तिची वेगळी नळी तोवर रांगेत तशीच पडून होती.

तुम्ही हात पुसत आत येता. दोन्ही नळ्या उजेडात धरता, कुणी काढलं ते विचारता. मी सांगते.

"दोघींची येकच चूक कशी?" तुम्ही म्हणता. "सुईनं नाय फुटलं. हिचं रगत आतच फुटतंय."

मग रांग मोडून तिची प्लेटलेटची नळी मशीनला लावलीत, काचेवर थेंब पसरून मला बघायला लावलंत. पेशींचे तुकडे दिसत होते, प्लेटलेट अगदी कमी; गरोदरपणातला तो बीपीचा आजार टोकाला गेल्याची ही खूण. तुम्ही लगेच वर फोन केलात. डॉक्टर आधी तुमचं ऐकून घेत होते, मग उशिराबद्दल बोलू लागले असावेत, कारण तुमचा चेहरा उतरला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हो डॉक्टर, उशीर माझ्याकडून झाला." मी शेजारीच उभी होते. हातातलं पेन तेवढं खाली ठेवलं.

त्या संध्याकाळी तिचं सिझेरियन झालं. मुलगी झाली, तळहाताएवढी. बरेच आठवडे काचेच्या पेटीत होती, पण दोघी वाचल्या. मला तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला नळी दिसली, बाय नाय दिसली." दुसऱ्या दिवशी मला वॉर्डात घेऊन गेलात, माफी मागायला नव्हे, नुसतं बघायला. तिचे डोळे सुजेनं बारीक झाले होते. हातातल्या बांगड्या सिस्टरनी कापून काढल्या होत्या. रक्त तपासणारी मीच, हे कळल्यावर तिनं हळूच विचारलं, "माझ्यात काही दोष निघाला का ओ?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिच्या पायावर हात ठेवून म्हणालात, "तुझ्यात कसला दोष? आजार हाय, उतरंल."

ताई, लॅबचं काम मला कॉलेजनं शिकवलं असेल, पण रक्तामागे कुणीतरी पलंगावर वाट बघत असतं, हे तुम्ही शिकवलंत. तेही मला कुणासमोर उघडं न पाडता. तुम्ही असेपर्यंत मी साधं 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दरवर्षी नव्या मुली शिकायला येतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते. पण माझ्या गोष्टीत नळ्या उजेडात धरणारी मीच असते, आणि चुकलेली असते कुणी एक नवखी मुलगी. पहिल्यांदा ओघात तसं बोलून गेले, मग दरवेळी तेच होत गेलं. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, त्या मुलीचं पुढं काय झालं? काढून टाकलं का तिला?"

मी म्हटलं, "नाही. तिला कुणीतरी सांभाळून घेतलं." कुणी, ते मात्र त्या वेळीही सांगितलं नाही.