खालच्या घराजवळची वाट मोकळी ठेवण्याविषयी

मी, केझाया डनफर्ड, कै. अँब्रोज डनफर्ड यांची विधवा, राहणार खालचे घर, वेदरकूम वाडी, परगणा डॉर्सेट, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. पहिले कलम वाचून कोणाला शंका आलीच तर डॉक्टरांना विचारावे. त्यांनी मला गेल्याच आठवड्यात तपासले आहे.

१. घर, मागची सफरचंदांची बाग आणि विहीर मी डॉर्कस येलँड हिला देते. ती वरच्या घरातल्या लोहाराची मुलगी, माझ्या नात्यातली नव्हे. अट अशी, की बागेची भिंत आणि शेजारचे कुंपण यांच्यामधून चर्चकडे जाणारी वाट तिने कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. फाटकाला कडी घालू नये.

ही अट कशासाठी, ते कागदावर राहावे म्हणून लिहिते.

टेकडीवरच्या शेतांतून मढी खाली आणण्याची ही वाट. मोटारी आल्यापासून मढी रस्त्याने जातात. वाट मात्र वापरात आहे. धुके वाडीत उतरले की कुत्री टेबलाखाली शिरतात, कावळे गप्प होतात आणि भिंतीपलीकडे ओल्या पानांवर पावले वाजू लागतात. सावकाश, पुष्कळ माणसांची. अशा वेळी आम्ही वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर जात नाही, एवढेच. त्यावर कोणी बोलत नाही.

शेजारच्या घरात श्री. लेनर्ड हॉट्री शहरातून निवृत्त होऊन आले. माणूस वाईट नव्हता. माझ्या विहिरीचा रहाट त्यांनीच नीट करून दिला. पण वाट त्यांना आपल्या हद्दीत हवी होती. पहिल्याच शरदात त्यांनी तिच्या तोंडाशी काटेरी तार ओढली. डॉर्कस सांगायला गेली, मी सोबत होते.

"साहेब, तार काढा. त्यांना अडवू नका."

"कुणाला? मेंढ्यांना?"

"जे जातात त्यांना."

"अगं, मग त्यांना सांग, माझ्या पुढच्या दारानं या नि मागच्या दारानं जा. माझी काही हरकत नाही!"

ते मनापासून हसले. डॉर्कस हसली नाही. "असं बोलू नये हो. ते शब्द धरतात."

पुढच्या धुक्यात, भर दुपारी, पावले तारेपाशी येऊन थांबली. बराच वेळ थांबली. मग मला हॉट्री साहेबांचे पुढचे दार उघडल्याचा आवाज आला.

धुके निवळल्यावर आम्ही गेलो. दोन्ही दारे सताड उघडी, आणि या दारापासून त्या दारापर्यंत फरशीवर ओली पाने. साहेब चुलीजवळ उभे होते.

"बसा म्हटलं तर कुणी बसेना, केझायाबाई," ते म्हणाले. "अजून चाललेत का?"

बाहेर लख्ख ऊन पडले होते.

डॉर्कसने त्याच दुपारी अँब्रोजच्या पकडीने तार तोडली. पण साहेबांना त्यानंतर दारे लावणे जमेना. कोणी बाहेर खोळंबेल, म्हणत. सगळा हिवाळा गारठ्यात बसून काढला आणि मेंढ्या विण्याआधीच छातीत कफ होऊन गेले. दफनाला त्यांना मोटारीने नेले.

साहेबांना वाट सापडली की नाही, या काळजीने मी आयुष्यभर पाळलेला नेम मोडला. वसंतातल्या पहिल्या धुक्यात फाटकाशी जाऊन उभी राहिले. माणसे खाली मान घालून जात होती. साहेब शेवटी होते, घरातल्या सपाता घालून. आणि त्यांच्या पुढे माझा अँब्रोज.

"अँब्रोज!" मी हाक मारली.

तो थांबला नाही. मान तेवढी वळवली.

"केझी, आत जा. पाव करपतोय."

रोज म्हणायचा तसेच म्हणाला. आणि मी गेले! भट्टीतून धूर येत होता. पाव काढून परत आले तोवर वाटेवर कोणी नव्हते. तो करपलेला पाव मी रडत रडत सगळा खाल्ला.

२. अँब्रोजचे कुंपण छाटण्याचे कोयते आणि कातडी हातमोजे डॉर्कसलाच. कुंपण वाढून वाट अरुंद होऊ देऊ नये.

३. माझ्या बहिणीचा मुलगा रूपर्ट माझ्याच हातचा केक खात म्हणाला होता, "मावशी, तू गेल्यावर शेजारचं रिकामं घर घेऊन दोन्ही घरं एकदम विकू. मधून मोटारीला झकास रस्ता निघेल." त्याला भिंतीवरचे घड्याळ द्यावे. भेटीला आला की तो सारखा त्याच्याकडेच बघत असे.

४. मला मोटारीत घालू नये. वाडीतल्या माणसांनी खांद्यावरून, त्या वाटेने न्यावे.

५. डॉर्कस, हे तुझ्यासाठी. धुक्यात कधी फाटकाशी आलीस आणि मी दिसले, तर खुशाल हाक मार. मी थांबले नाही तर मन खट्टू करू नकोस. मागे माणसे असतात गं.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले असून साक्षीदारांसमोर सही केली आहे.

केझाया डनफर्ड

साक्षीदार:
रेव्हरंड सिरिल मॉन्क, पाद्री
एथेल स्ट्रिकलंड, टपालवाली

वेदरकूम, ९ नोव्हेंबर १९५४