पणजी परत आली होती

मी, घरात जिला सगळे भिंगरी म्हणतात ती, वय सव्वीस, शिक्षण नववी आणि पुढे रस्त्यावर जे मिळालं ते, दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. फुप्फुसं कामातून गेलीत, डोकं शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणून कोणाचं कधी काही साधलंही नाही.

१. घर, जमीन, दागिना काही नाही, तेव्हा भांडणाला जागा नाही. पाठीवरची सॅक आणि बूट काकाच्या लेकीला. बूट सैल होतील. कापूस कोंबावा, पण घरात बसून राहू नये.

२. काकाला काही नाही. कारण खाली येईल.

३. माझी खरी कमाई म्हणजे पणजीचा शोध. ती साहेबाच्या बंगल्यावर आया होती. साहेब मायदेशी निघाला तेव्हा बोटीवर मुलं सांभाळायला तिला घेऊन गेला आणि तिकडच्या बंदरात, काम संपलं म्हणून, सोडून दिलं. तिची लहानगी, म्हणजे माझी आजी, इकडे नणंदेकडे होती. नणंदेला मूल नव्हतं. आमच्या घरात सांगतात, पणजी तिकडचीच झाली, पोटच्या पोरीकडे वळून पाहिलं नाही. आजी त्या नणंदेलाच आई म्हणत आली; भिंतीवर फोटो तिचाच.

मिळेल ते काम करत मी पणजीचा माग काढला. (मधेच एका सर्कशीत रमले, ते असो.) शेवटी आमच्या घराच्या शेजारच्याच गावात, लाँड्रीत, एक म्हातारी इस्त्रीवाली भेटली. लहानपणी ती त्याच लाँड्रीत पणजीच्या हाताखाली कामाला होती.

"परत आलेली गं ती. बोटीवर दुसऱ्या मडमेची पोरं सांभाळत. नणंदेने अर्धंच दार उघडलं म्हणे. म्हणाली, तुझी पोर तापाने गेली."

मी स्टूल जवळ ओढलं.

"डाव्या पायाला सहा बोटं होती म्हणायची पोरीच्या."

आजीच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. हे मी म्हातारीला सांगितलं नव्हतं.

"काम चोख हो तिचं. फक्त लहान मुलींचे फ्रॉक घ्यायची नाही. माझ्यापुढे सरकवायची, हे तू कर म्हणायची."

तिथेच पणजी थकली, तिथेच गेली.

काकाला सांगितलं तर म्हणाला, "नव्वदीला टेकलेल्या बाईकडून तिची आई काढून घेतेस? तोंड बंद ठेव." मला आजीपर्यंत जाऊ दिलं नाही. त्याचा आजीवर जीव आहे, मान्य. तरी तो चुकतोय.

४. म्हणून हा कागद काकाच्या लेकीने आजीला वाचून दाखवावा, मी असो वा नसो, पण आजी आहे तोवर. उजव्या कानाशी वाचावं. भिंतीवरचा फोटो कोणी उतरवायचा नाही. जी खोटं बोलली, तीच आजीच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसली, तेही खरंच.

आजी, तू मला एकदाच विचारलं होतंस, "मी असं काय केलं होतं गं, म्हणून ती गेली?" काही नाही, आजी. ती तुझ्यासाठीच आली होती. तू नाहीस म्हटल्यावर गेली, तीही फार लांब नाही.

साक्षीदार: वॉर्डातल्या सिस्टर (सही). शेजारच्या खाटेवरच्या मावशी (अंगठा).

ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट.

तारीख: मी उद्याची घालणार होते, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहीन म्हणून. मावशी ऐकून म्हणाल्या, "अक्षर काय करायचंय? तुझी आजी आहे ना अजून?" म्हणून आजचीच. सिस्टर ड्यूटी संपली की घरी जाताना काकाच्या लेकीच्या हातात देऊन येतील.