दूर बसून शिकवलेली मालिश

बा, तुला लिहायला बसले आणि पहिली अडचण हीच आली की तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तरी हे तिसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि आपल्या दोघांतल्या गोष्टी परक्या तोंडून ऐकताना तू नुसता मान खाली घालून बसला असतास. तरी लिहिते. आज सकाळी उन्हात पायाला तेल लावत होते आणि आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीची ती फ्लूची साथ आठवली. तेव्हापासून दुसरं काही सुचलेलं नाही.

तू यवतमाळच्या मालधक्क्यावर हमाली करायचास. दिवसभर पोती आणि कापसाच्या गाठी उचलून तुझे तळवे इतके खरखरीत झालेले की माझ्या परकराचा धागा त्यांत अडकायचा. मी दोन वर्षांची असताना ताप येऊन माझा उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून रोज संध्याकाळी अंघोळ करून तू चुलीजवळ बसायचास, जवसाचं तेल वाटीत कोमट करायचास आणि माझा पाय मांडीवर घ्यायचास. धक्क्यावर काय झालं, कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळं तू माझ्या तोंडाकडे न बघता त्या पायालाच सांगायचास. माय हसायची. वस्तीतल्या कोणाची पाठ धरली, कोणाचा पाय लचकला, तर तेही तुझ्याकडेच यायचे. पण ती संध्याकाळची वेळ माझी होती. तेवढ्यात कोणी आलं तर तू म्हणायचास, "थांब जरा, माह्या पोरीचं होऊ दे."

मग साथ आली. घरोघरी माणसं पडली. दवाखान्यातला कंपाउंडर वस्तीत आला, होत्या तेवढ्या गोळ्या वाटल्या, आणि तापवाल्यांपासून लांब राहा, त्यांचं अंग वगैरे चोळू नका, असं बजावून गेला. बिचारा स्वतःच खोकत होता. त्याच संध्याकाळी शेजारचा मामा, धक्क्यावर तुझ्या जोडीनं गाठी उचलणारा, भिंत धरत धरत आपल्या दारात आला. त्याची बायको माहेरी गेलेली होती. "हाडं फुटून राह्यली रे," तो म्हणाला, "जरासा हात फिरव." तू त्याला त्याच्या घरी नेऊन निजवलंस आणि बराच वेळ तिथंच राहिलास. परत आलास तेव्हा माय दारात उभी होती.

"त्याले चोळून आले, आता हेच हात पोरीले लावसान?" ती म्हणाली. "एका तापानं तिचा पाय नेला. आणखी काय न्यायचं राह्यलं?"

"हात धुतो ना."

"धुतल्यानं जाते, हे लिहून देता का मले?"

तू हळूच म्हणालास, "तो एकटा आहे वं. त्याले पाणी देणारंही नाही कोणी." तीही मामाला भाऊच मानत होती. त्या दिवसापासून तू बाहेर ओट्यावर निजायला लागलास. माय भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. मामासारखे आणखी दोघं-तिघं तू सांभाळत होतास. मी लंगडत तुझ्याकडे आले की हात पुढे करून म्हणायचास, "दूर राह्य, पोरी." बा, हा शब्द आपल्या लोकांनी किती ऐकला होता, तो तुझ्या तोंडून मला ऐकावा लागला. तुलाही तो टोचत असावा, कारण म्हणताना तू दुसरीकडे बघायचास. मला तेव्हा एवढंच कळत होतं की साऱ्यांच्या पाठी तुला दिसतात, माझा पाय दिसत नाही.

चारेक दिवसांत पाय आखडायला लागला. मग एका संध्याकाळी तू अंगणाच्या त्या टोकाला बसलास, मला या टोकाला बसवलंस. मायने दोघांपुढे तेलाच्या वाट्या ठेवल्या. तू धोतर वर खोचून स्वतःचा पाय पुढे घेतलास. तो एवढा जाड, पिंढरीच्या शिरा दोरखंडासारख्या.

"असं पाह्य. टाचेकून वर. खाली नाही यायचं."

"माह्या हाताले जोर नाही."

"जोर नाही लागत. हळू. घाई कायले करतं?"

माझा अंगठा पुन्हा पुन्हा घसरत होता. मी रडायला लागले. तू अर्धवट उठलास, तेलाचे हात तसेच पुढे, दोन पावलं आलास सुद्धा. माय नुसतं "अहो" म्हणाली. तू परत जाऊन बसलास आणि पुन्हा स्वतःच्या पायावर हात फिरवायला लागलास. "पाह्य," म्हणालास.

पुढे तूही पडलास. माय तुझं करायची, मला उंबऱ्याच्या आत अडवून ठेवायची. तुझा श्वास मला आतून ऐकू येत होता. मी पाय चोळत बसायची, तू सांगितलंस तसं, टाचेकडून वर. मामा तोवर बरा झाला होता, तो तुझ्या उशाशी येऊन बसायचा. तूही उठलास, पण धक्क्यावर जायला बरेच दिवस लागले. मला ताप आला नाही. तू दूर बसलास म्हणून, की नुसतं नशीब, कोण सांगणार.

बरा झाल्यावर एका संध्याकाळी तू अंघोळ करून चुलीजवळ आलास, तेल कोमट केलंस, मांडीवर हात मारलास. "ये."

मी जागची हलले नाही. "मले येते आता. माहं मी करून घेते."

"खरंच येते?"

मी करून दाखवलं. तू निरखून बघितलंस. "शाबास," म्हणालास. हातावर घेतलेलं तेल स्वतःच्या कोपरांना लावलंस आणि उठलास. मला वाटलं होतं तू ऐकणार नाहीस, पाय ओढून मांडीवर घेशील. तू ऐकलंस. पोर आपल्या पायावर उभी राहिली, म्हणून धक्क्यावर साऱ्यांना कौतुकानं सांगितलंस. त्यानंतर तू माझ्या पायाला कधी हात लावला नाहीस. मी शाळेत शिकले, मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला गेले, आणि तिथंच तू गेल्याची तार आली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तू बरा झालास त्या पावसाळ्यात मी कितीतरी रात्री पाय गोधडीबाहेर काढून, डोळे मिटून पडून राहायची. तू दाराची कडी लावायला यायचास, थांबायचास, आणि गोधडी माझ्या पायावर नीट ओढून निघून जायचास. मी जागी असायची, बा.