कांदाचाळीतला बेंचमार्क

२ मे २००८
लॅपटॉप आला. सेलेरॉन, एक जीबी रॅम. बायकोसाठी, वृषालीसाठी घेतलाय. पारगावच्या शाळेत कॉम्प्युटर शिक्षिकेची जागा आहे, ती अर्ज करणार. पाठांचे नमुने टाइप करून २० तारखेपर्यंत द्यायचेत. म्हटलं, आधी बेंचमार्क लावून मेमरी आणि कॅशेचा वेग तपासतो. दुकानदाराच्या शब्दावर जाणारे आपण नव्हे.

३ मे, दुपारी २
सेकंदाला २४०० एमबी. पण एक एमबीपर्यंत आकडा सुसाट, पुढे धाडकन खाली. फसवणूक! पुण्याला मेव्हण्याला, पप्पूला फोन. म्हणाला, दाजी, तसंच असतंय. कॅशे म्हंजी चुलीपाशची कांद्याची परडी, रॅम म्हंजी साठवणीची चाळ. परडी सरली की चाळीत जावंच लागतंय. पोरगा कंपनीत आहे, पण खोलात जात नाही.

५ मे
पत्र्याखाली मशीन तापतं. आमच्या बोरी गावात सगळ्यात खेळती हवा कुठे? आमच्या कांदाचाळीत. कंपन्या एसी लावतात, आपण बांबू लावलेत. टेबल हलवलं. वडील, आबा म्हणाले, लई हुशार झालास, तितं बसलाच हायेस तर सडके कांदे बी निवड. दुर्लक्ष केलं.

६ मे
२५२०! म्हटलं नव्हतं?

११ मे
२१००. वृषाली विचारते, कधी मिळेल. वर्ड उघडलं की रीडिंग बिघडतं, हे समजावलं. पटलं असावं.

१५ मे
१४००. पंखा कण्हतोय. कॅशे थकली. वहीत बत्तीस रीडिंगं झाली. एवढा अभ्यास जुन्नर तालुक्यात कुणाचा नसेल.

१७ मे
६००. मग स्क्रीन काळी. वृषाली सकाळच्या एसटीने मंचरला गेली. कासमभाईंच्या सायबर कॅफेत टाइप करते म्हणे. तिथली मशीनं जुनी, कुणी कधी मोजलेलीही नाहीत. बिचारीची कीव आली.

संध्याकाळी ७
सगळं टाइप करून, शाळेत देऊन आली. मला फार लाज वाटली. मशीन सुरू झालं की शिस्तीत मोजणार.

१४ जून
जागा तिला मिळाली. काल तिने स्क्रू काढून लॅपटॉप उघडला. पंख्यातून मूठभर कांद्याची टरफलं निघाली. आबा म्हणाले, कॅशे न्हाई राव, टरफलं व्हती. मशीन सुरू झालं. म्हटलं, एक रीडिंग घेऊ दे. तिने झाकण लावून पिशवीत टाकलं.

१६ जून
ती लॅपटॉप घेऊन शाळेत गेली. मी चाळीत. सडके कांदे निवडतोय. दुपारपर्यंत तीन पाट्या झाल्या. वेग मोजला नाही.